संशयाचा फायदा, पाचशे प्रती

आमच्या अप्पांना कोर्टानं सोडलं होतं. त्यांना पुन्हा अडकवलं ते मी.

तेही पोलिसांची मदत न घेता, वकील न लावता, एकटीनं! (एकटीनं म्हटलं तर मामावर अन्याय होईल. छपाई त्याची होती.)

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट, धारवाडातली. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात वकील राहायचा आणि उरलेल्या दोन घरांत त्याचे पक्षकार. अप्पा, म्हणजे माझे वडील, धारवाडजवळच्या बेलूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. एका सोमवारी त्यांनी स्टोअर उघडलं तर तांब्याच्या तारेची भेंडोळी गायब. कुलूप शाबूत, कडी शाबूत, आणि किल्ली अप्पांच्या खिशात. पोलिसांना आणखी काय हवं? कुलूप तोडलेलं असतं तर बिचाऱ्यांना चोर शोधावा लागला असता!

खटला सुरू झाला. मी एसएसएलसी (दहावी) झाले, पीयूसी (बारावी) झाले, खटला आपला तिथल्या तिथेच. शेवटी त्या कुलपाची दुसरी किल्ली मॅनेजरच्या टेबलाच्या खणात असायची आणि तो खण कोणीही उघडायचं, एवढं वकिलांनी कसंबसं साक्षीदाराकडून वदवून घेतलं. निकाल इंग्रजीत आला. वकील म्हणाले, "सुटलात!" अप्पा तसेच पेढे घेऊन घरी आले आणि गल्लीत वाटायला निघाले. बॉक्स धरायला मी बरोबर.

पहिलं घर फडणीसकाकांचं. काका कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. त्यांनी पेढा अर्धा तोंडात घातला आणि विचारलं, "सुटलात ते ठीक. पण कसे सुटलात?"

"कसे म्हणजे?"

"सन्मानानं, की बेनिफिट ऑफ डाउट?"

अप्पा साधा माणूस. म्हणाले, "ते दुसरं."

काकांचं चावणं थांबलं. "असं होय," म्हणाले, आणि उरलेला अर्धा पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. (उष्टा! मी डोळ्यांनी पाहिला.)

संशयाचा फायदा म्हणजे काय ते मला त्या अर्ध्या पेढ्यानं शिकवलं. कायद्याच्या पुस्तकात त्याचा अर्थ सुटका. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ, 'यानंच केलंय, पण हुशार आहे.' कारखान्यानंही गल्लीचाच अर्थ धरला आणि अप्पांना परत घेतलं नाही. ते अमरगोळच्या बाजारात एका मिरची व्यापाऱ्याकडे वजनं टिपायला जाऊ लागले. तिथं त्यांच्याकडे पेन होतं, वही होती, खुर्चीसुद्धा होती. किल्ली नव्हती.

आता किल्लीबद्दल सांगायला हवं.

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक फळी होती, तिला खिळ्यांची रांग. ज्यांनी हुबळी-धारवाडात संसार केलाय त्यांना नळाचं वेगळं सांगायला नको. पाणी चार-सहा दिवसांनी, कधी पहाटे, कधी भरदुपारी. ते यायचं तेव्हा तुम्ही गावाला गेलेले असाल तर परतल्यावर अंघोळीचं नाव काढायचं नाही. म्हणून गल्लीतलं कोणी बाहेरगावी निघालं की किल्ली अप्पांकडे. पाणी आलं की अप्पा किल्ल्यांचा जुडगा घेऊन घरोघर फिरायचे, पिंपं भरायचे, नळ बंद करायचे, तुळशीला तांब्याभर घालायचे आणि कुलूप लावून परत यायचे. लोकांच्या देवघरात, स्वयंपाकघरात, कपाटांच्या अंगावरून हा माणूस वर्षानुवर्षं बादल्या घेऊन हिंडला. कोणाची वाटी हलली नाही.

निकालानंतर किल्ल्या एकेक करून गेल्या. भांडून नाही, प्रेमानं! "कशाला अप्पा तुम्हाला त्रास?" "आता तुमचं वय झालं हो." (अप्पांचं वय तेव्हा पन्नाशीच्या आत.) फळीवर खिळे राहिले. उरली एकच किल्ली, शेजारच्या सरोजाक्काची. सरोजाक्का कन्नड, नवरा वारलेला, मुलगा बेंगळूरला. ती महिन्यातून एकदा माहेरी नवलगुंदकडे जायची आणि किल्ली आमच्याकडे फेकून जायची. "अप्पारी, कीली तगोरी! नीर बंदरे तुंबसरी!" म्हणजे किल्ली घ्या, पाणी आलं तर भरा. संपलं. तिला निकाल माहीत नव्हता असं नाही. माहीत असून तिनं त्यात लक्ष घातलं नव्हतं, इतकंच.

अप्पा बदलले. दुसऱ्याच्या घरी गेले की उंबऱ्याच्या आत येत नसत, आणि हात पाठीमागं बांधून उभे राहत. वाण्याकडे न मागता पिशवी उघडून दाखवत. वाणी ओशाळून म्हणायचा, "अहो, कशाला?" अप्पा म्हणायचे, "असू दे, बघून घ्या." टीव्हीवर क्रिकेट लागलं आणि समालोचक 'बेनिफिट ऑफ डाउट' म्हणाला की ते उठून परसात पाणी प्यायला जायचे. पंच जरा घाबरट असला तर माणूस दिवसभरात घागरभर पाणी प्यायचा!

आम्ही घरात त्याबद्दल बोलत नसू. आई, माझी थोरली बहीण अक्का आणि मी, तिघीही फार समजूतदार.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आईच्या वडिलांचा छापखाना होता, पुढं तो मामाकडे आला. लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, आणि जगातल्या सगळ्या अन्यायांविरुद्ध पत्रकं. शाईनं बिघडलेल्या प्रती आमच्या घरी यायच्या. माझ्या वह्यांना त्यांची कव्हरं, फडताळात त्यांचे कागद, आणि मी अक्षरं शिकले तीही त्यांच्यावरच. बाकीच्या मुलांनी 'कमळ बघ' वाचलं असेल. मी पहिलं वाक्य वाचलं ते 'जाब विचारा!' त्यामुळे सत्य ठळक टाईपात छापून दारोदार वाटलं की माणसं सुधारतात, यावर माझा अढळ विश्वास होता. एमएला होते, रक्त गरम होतं, आणि मामा माझ्याकडून कागदाचे पैसे घेत नव्हता.

अशातच अक्काला स्थळ आलं. अक्का शाळेत शिकवायची, तिशीला टेकली होती. आधीची तीन स्थळं चौकशीला गल्लीत आली होती आणि गल्लीतूनच परत गेली होती. हे चौथं हुबळीचं, इनामदारांचं. तिथल्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान. मुलगा श्रीकांत अक्काला दोनदा भेटला होता आणि दुसऱ्या भेटीनंतर अक्का घरात चक्क गुणगुणत होती. आमच्या घरात! आईनं भीतीनं देवाला दिवा लावला.

रविवारी मुलाचे वडील बोलणी करायला येणार असं ठरलं. अप्पा आईला म्हणाले, "या खेपेला मी स्वतःच सांगणार. त्यांनी बाहेरून ऐकायच्या आत." त्यानंतर रोज सकाळी न्हाणीघरातून आवाज यायचा, "इनामदारसाहेब, एक गोष्ट तुमच्या कानावर..." मग बादलीत पाणी ओतल्याचा आवाज. मग पुन्हा, "इनामदारसाहेब, एक गोष्ट..." त्याच्या पुढं वाक्य काही जात नव्हतं. अंघोळी मात्र लांबत चालल्या होत्या.

आणि त्याच आठवड्यात फडणीसकाका सहकुटुंब गोव्याला गेले. किल्ली दुसऱ्या गल्लीतल्या मेव्हण्याकडे. मेव्हणा सकाळी आला, नळाला पाणी नव्हतं, तोटी उघडीच ठेवून गेला. दुपारी पाणी आलं. थोड्या वेळानं काकांच्या दाराखालून गल्लीत ओहोळ! मागून काकांची ओट्यावरची एक चप्पल तरंगत आली. अप्पा त्या दिवशी घरी होते. धावत गेले आणि दारासमोर थांबले. कुलूप. मी मागून पोहोचले तर अप्पा पाण्यात उभे, हात पाठीमागं बांधलेले, आणि आतून भांडी एकमेकांवर आपटल्याचे आवाज.

"अप्पा, कुलूप तोडू या?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मी?" म्हणाले. "यांचं कुलूप? मी?"

मी पायांत चप्पलसुद्धा न घालता तशीच मामाच्या छापखान्यात गेले.

"मामा, पत्रक काढायचंय!"

"कोणाविरुद्ध?" मामा मशीन पुसत होता. त्याचे डोळे लगेच चमकले. लग्नपत्रिका छापून बिचारा कंटाळलेला.

"अज्ञानाविरुद्ध!"

माझा हिशेब सरळ होता. इनामदार चौकशी करणार. ती आमच्या गल्लीत करणार. गल्ली म्हणणार 'बेनिफिट ऑफ डाउट'. तर मग इनामदारांच्या आधी गल्लीला त्याचा अर्थ शिकवून ठेवायचा! मी कॉलेजच्या कोशात आधीच बघून ठेवलं होतं. साहेब लोक ते शब्द किती मायेनं वापरतात! मित्राला यायला उशीर झाला, तर वाटेत काहीतरी अडचण आली असेल असं धरून चालणं, हा संशयाचा फायदा. खात्री नसतानाही समोरच्याबद्दल चांगलंच धरायचं. म्हणजे तो विश्वास आहे, ठपका नाही! मी छापखान्यातल्या स्टुलावर बसून एका दमात लिहिलं:

'सुबुद्ध नागरिकहो! चेंडू बॅटीला लागला की नाही याची पंचाला शंका आली, तर तो बोट वर करत नाही. फलंदाज खेळत राहतो. त्याला प्रेक्षक चोर म्हणतात काय? मग तांब्याच्या तारेच्या प्रकरणात न्यायालयानं ज्याला नाबाद ठरवलं, त्या आपल्याच गल्लीतल्या नागरिकाला आपण रोज बाद का करतो? त्याच्या दारातले रिकामे खिळे आपल्याला विचारत आहेत, जाब द्या!'

पुढं न्यायतत्त्व, घटना, मानवी प्रतिष्ठा, असं पानभर. मामा वाचत गेला आणि शाईच्या हातानं डोळे पुसत गेला. शेवटी त्याचं तोंड काळं आणि डोळे लाल.

"विजू, 'नाबाद' ठळक घेतो बघ. पण अप्पांचं नाव कुठं आहे ग?"

"नाव नको मामा. हा माणसाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे!"

"हौद, तत्त्वच." मामानं कानडीतून 'हो' म्हणत मान डोलावली. "किती काढू?"

"गल्लीत घरं चाळीस."

"चाळीससाठी मशीन लावत नसतात ग. पाचशेच्या खाली परवडत नाही."

चाळीस प्रती आमच्या गल्लीत गेल्या. उरलेल्या साडेचारशेचं काय करणार? मामानं त्या पेपरवाल्याकडे दिल्या आणि त्यानं अर्ध्याहून अधिक दुसऱ्या दिवशी पेपरात घालून आसपासच्या सगळ्या गल्ल्यांत टाकल्या.

शनिवारी सकाळी गल्ली वेगळीच दिसत होती. लोक कट्ट्याकट्ट्यावर पिवळा कागद धरून उभे. मला वाटलं, झालं, जागृती झाली! मी दारात छाती काढून उभी राहिले. समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलेलं, वर्ष झालं नव्हतं. त्यातल्या बाई रस्ता ओलांडून आल्या. "अहो, हे तांब्याच्या तारेचं काय प्रकरण हो? आम्हाला काहीच माहीत नव्हतं बघा."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही की! आम्हाला वाटायचं, अप्पा मिरचीच्या धंद्यात आहेत. आणि रिकामे खिळे म्हणजे किल्ल्यांचे होय? मग किल्ल्यांचंसुद्धा काही झालं होतं का?"

मी त्यांना तत्त्व समजावून सांगू लागले. त्या पाठ न फिरवता, मागं मागं चालत आपल्या घरी गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. मग दुसऱ्या कडीचा.

दुपारपर्यंत मागच्या गल्लीतल्या, शाळेजवळच्या, पार मारुतीच्या देवळापलीकडच्या माणसांना कळलं होतं की आमच्या गल्लीत एक तांबेचोर आहे. निकाल लागल्यापासून हळूहळू विझत आलेली गोष्ट मी एका सकाळीत पेटवली होती, तीही ठळक टाईपात. संशयाचा फायदा द्यायचा तर आधी लोकांकडे संशय असावा लागतो. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना मी घरपोच पुरवला!

आईनं पत्रक पाहिलं, मोठी पिशवी घेतली आणि घरोघर निघाली. "ते पिवळं पत्रक आलं असेल ना, ते परत द्या हो."

"वाचलंच नाही अजून. काय आहे त्यात?"

आईला खोटं येत नाही. "काही नाही, आमच्या ह्यांच्या चोरीचं आहे."

संध्याकाळी ती भरलेली पिशवी घेऊन आली. मामानं पेपरवाल्याकडे उरलेला गठ्ठाही आणून दिला होता. मी म्हटलं, "बंबात घाल सगळं."

"छापील कागद?" आईनं कानाला हात लावले. छापखानेवाल्याची मुलगी ती. त्यांच्या घरात छापील कागदाला पाय लागला तर नमस्कार करायचे, जाळणं तर दूरच. माझे सगळे बुद्धिवादी मुद्दे ऐकून घेऊन तिनं सगळं एका पोत्यात भरलं आणि बसस्टँडजवळच्या गिरमिटच्या, म्हणजे मसाला चुरमुऱ्यांच्या, आणि भज्यांच्या गाड्यावर नेऊन दिलं. "लांब आहे," म्हणाली. "तिथं आपल्याला कोण ओळखतंय?"

अप्पा शनिवारी अमरगोळहून उशिरा आले. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. आम्ही समजूतदार ना!

रविवारी इनामदार आले. एकटेच आले होते. जाड भिंगाचा चष्मा, मोजकं बोलणं, आयुष्यभर कापड हातानं चाचपून पारखणाऱ्या माणसाची बोटं. बसल्या बसल्या आमच्या गादीची चादर त्यांनी दोन बोटांत धरून बघितली. अक्का येऊन नमस्कार करून गेली. आईनं उप्पीट आणलं. अप्पा खुर्चीच्या कडेला बसले होते, हात मांडीवर, दोन्ही तळवे दिसतील असे. घसा खाकरून म्हणाले, "इनामदारसाहेब, एक गोष्ट तुमच्या कानावर..."

तेवढ्यात बोलणीसाठी आलेला मामा बोलला. मामाला शांतता सोसत नाही. "साहेब, उप्पीट काय कुठंही मिळतं. आमच्या धारवाडची मिरची-भजी खाल्ली आहेत का?"

इनामदार हसले. "भजी हुबळीची. गिरमिटही हुबळीचं. धारवाडनं पेढे करावेत."

"असं?" मामा उठलाच. शहराच्या अब्रूचा प्रश्न होता. "खाऊन बघा आणि मग बोला!" आणि आई "अरे, थांब" म्हणेपर्यंत सायकलवरून गेलासुद्धा.

मामा गरम भजी घेऊन आला, बसस्टँडजवळच्या गाड्यावरून. गावातली सर्वांत चांगली तिथंच मिळतात, हे खरंच आहे. त्यानं एक पुडा इनामदारांच्या हातात दिला, एक अप्पांच्या. पुडा पिवळा होता.

आईच्या हातातली पाण्याची कळशी कलंडली. मामा तोंड उघडून उभा राहिला, कारण आपला टाईप त्यालाही ओळखू आला होता.

इनामदारांनी एक भजं खाल्लं. दुसरं खाल्लं. "वाईट नाहीत," म्हणाले. मग सवयीनं कागद दोन बोटांत चाचपला, उलगडला आणि चष्मा वर सरकवून वाचू लागले. तेलानं कागद पारदर्शक झाला होता, पण ठळक टाईप काय, अंधारातही दिसला असता! अप्पांनीही आपला पुडा उलगडला. दोघं समोरासमोर बसून एकच पत्रक वाचत होते. मी आयुष्यात इतके एकाग्र वाचक पाहिले नाहीत.

इनामदारांचं आधी वाचून झालं.

"हे कोणाबद्दल आहे?"

"माझ्याबद्दल," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "हेच सांगणार होतो. थोडं आधी सुरू केलं होतं."

"तार तुम्ही घेतलीत?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न अप्पांना कोणी विचारलाच नव्हता. पोलिसांनी 'कुठं विकलीस' विचारलं होतं. वकिलांनी 'कबूल करू नका' सांगितलं होतं. गल्लीनं 'कसे सुटलात' विचारलं होतं.

"नाही," अप्पा म्हणाले.

"बरं," इनामदार म्हणाले आणि तिसरं भजं उचललं.

स्वयंपाकघरात आई रडायला लागली. अक्का तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि डोळे वटारून माझ्याकडे बघत होती. तिला माझं काय करावंसं वाटत होतं याबद्दल कसलाही संशय नव्हता.

इनामदार गेल्यावर अप्पांनी तो तेलकट कागद गुडघ्यावर पसरला, तळव्यानं सपाट केला आणि पुन्हा वाचला. मी समोर उभी, शिक्षेची वाट बघत.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "खरंच. वाचून मलासुद्धा मला संशयाचा फायदा द्यावासा वाटला."

"अप्पा, मी..."

"क्रिकेट आहे. घटना आहे. आपले खिळेसुद्धा आहेत. एक ओळ तेवढी राहिली ग."

"कुठली?"

"त्यानं तार घेतली नाही, ही."

मी कागद ओढून घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग उलटा करून मागं बघितलं, जसं काही तिथं असेल. एवढं पानभर पत्रक, त्यात 'न्याय' होता, 'तत्त्व' होतं, 'जाब' होता. ती ओळ नव्हती. चार शब्दांची. टाईप कितीसा लागला असता?

"मला वाटलं, ते धरूनच आहे," मी म्हटलं.

"हौद?" अप्पा म्हणाले. "मग कधी विचारलं का नाहीस?"

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असायचं. त्या प्रश्नाला मी आत जाऊन पाणी प्यायले. घागरीशेजारी उभं राहून. अप्पा क्रिकेट बघताना का उठायचे ते मला तेव्हा नीट कळलं.

पंधरवड्यानं इनामदार पुन्हा आले. नकार कळवायला कोणी स्वतः येत नाही, ते आले. "मला पटलं होतं," अप्पांना म्हणाले. "घरात पटवू शकलो नाही. ते पत्रक मुलाच्या आत्याकडेही पोहोचलंय." त्यांची बहीण धारवाडातच राहायची, मारुतीच्या देवळापलीकडे. (मामाचं वितरण उत्तम होतं.) उठताना त्यांनी अप्पांचा हात हातात घेतला. अप्पांना तो मागं बांधायला वेळच मिळाला नाही.

अक्का त्या दिवसानंतर गुणगुणली नाही. मी तिची समजूत घालायला गेले, वाक्य मनात जुळवून, तर ती म्हणाली, "विजू, भाषण नको. पुढच्या स्थळाच्या वेळी तू गावाला जा." पुढचं स्थळ यायला दोन वर्षं लागली. मी गावाला गेले. लग्न ठरलं.

फडणीसकाकांची किल्ली परत आली नाही. कोणाचीच आली नाही. मी नवं पत्रक काढून ती राहिलेली ओळ तेवढी छापावी, असं मला फार वाटत होतं. मामा कागद घेऊन तयारही होता. अप्पांनी दोघांनाही हात जोडले.

मग एका सकाळी शेजारून सरोजाक्का आली, माहेरी निघालेली, काखेत बोचकं. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण पत्रकाचा मजकूर तिला गल्लीतल्या प्रत्येकानं स्वतंत्रपणे सांगितला होता. अप्पा अंगणात होते. मी दाराआड उभी राहिले. फळीवरचा तिचा खिळा त्या आठवड्यात रिकामा होता, आणि ती नुसती निरोप घेऊन जाणार की काय, अशी मला धास्ती होती.

सरोजाक्कानं किल्ली अप्पांच्या हातात आपटली. "तगोरी. नीर बंदरे तुंबसरी."

अप्पा किल्लीकडे बघत राहिले. "सरोजाक्का, तुम्ही ते सगळं ऐकलं असेल..."

"केळीनरी, केळीनी!" ऐकलंय, ऐकलंय, म्हणून तिनं हात झटकला आणि निघाली. फाटकापर्यंत गेली. तिथं तिला दाराआड मी दिसले. ती थबकली, परत आली, अप्पांच्या कानाशी वाकली आणि मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

"पण मी घरी नाही हे इकीगे हेळब्याड्री, हिला सांगू नका बरं का! पाचशे छापून वाटेल ही!"